वनमाला परब यांनी जोडलेली केबल

वनमाला परब एकोणिसाव्या वर्षी अंधेरीच्या एमआयडीसीत सोल्डरिंगला बसली. दहावीपुरतं शिक्षण, पण हात असा की तिचा टाका तपासनीस पुन्हा बघत नसे. कारखाना बंद पडल्यावर तिनं नाहूरच्या घरी खिडकीशी टेबल मांडलं. जुनी यंत्रं कॉम्प्युटरला जोडायच्या सिरियल केबल ती तिथे बनवते.

गेल्या मे महिन्यात मुलुंडहून डॉक्टर शीतल साळवेंचा फोन आला. त्यांची पॅथॉलॉजी लॅब आहे.

"ताई, रक्ताचं मशीन ठणठणीत आहे, पण नव्या कॉम्प्युटरशी बोलत नाही. बाजारातल्या दोन केबल लावल्या, दोन्ही फुकट. रिपोर्ट हातानं उतरवतोय. इंजिनिअर म्हणतो, मशीन भंगारात काढा."

"थांबा, आधी मला बघू द्या."

ती पोचली तेव्हा इंजिनिअर हर्षद तिथेच होता. "मावशी, नऊ पिनांना नऊ वायरी. त्यात बघायचंय काय?"

वनमालानं मल्टिमीटर काढला. एक टोक पाचव्या पिनला, दुसरं एकेका पिनला लावत गेली. मशीनच्या तीन नंबरवर उणे नऊ व्होल्ट, कॉम्प्युटरच्याही तीनवरच.

"दोघं तीनवरून बोलतायत आणि दोनवर ऐकतायत. सरळ केबलीत ऐकणार कोण? दोन-तीन उलटे हवेत."

"दुसरी केबल उलटीच होती ना!"

तिनं ती केबल उघडली. आत तीनच वायरी. मग कपाटाच्या तळातून मशीनचं पुस्तक काढायला लावलं आणि इंग्रजी ओळींवर बोट ठेवत सावकाश वाचलं.

"हे बघ. आकडा पाठवायच्या आधी मशीन आठ नंबरवर समोरच्याच्या परवानगीची वाट बघतं; परवानगी देतात ती सातवरून. इथे आठला वायरच नाही. बिचारं थांबून राहिलंय."

"मग सात-आठ मशीनपाशीच जोडून टाका. दोन मिनिटांचं काम."

"म्हणजे मशीननं स्वतःलाच परवानगी द्यायची? कॉम्प्युटर अडकलेला असला तरी ते पाठवत राहील. एखादा आकडा गळला तर? कुणाचं तरी रक्त आहे रे ते."

तिनं जाळीदार आवरणाची वायर कापली, पाच तारा लावल्या, सात-आठही उलटे जोडले. प्रत्येक टाका ओढून पाहिला.

केबल लावली. पडद्यावर आकडा उमटला: हिमोग्लोबिन ११.४. डॉक्टरांनी टाळी वाजवली, पण वनमालानं वीस नमुने चालवायला लावले आणि मशीनमधून छापून निघणाऱ्या कागदी पट्टीशी एकेक आकडा ताडून पाहिला. वीसच्या वीस जुळले.

"मावशी, कुठे शिकलात हे?" हर्षदनं विचारलं. आवाज बदलला होता.

"अंधेरीला, शिफ्टमध्ये."

त्यानं जोडणीचा नकाशा मागितला. तिनं कोऱ्या कागदावर नऊ-नऊ ठिपके काढून रेघा ओढल्या. कारखान्यात नकाशावर सही साहेबांची असायची, तिचा नुसता कामगार नंबर. आज तिनं खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं: वनमाला जयवंत परब, नाहूर.

डॉक्टरांनी कागद प्लास्टिकमध्ये घालून मशीनमागच्या भिंतीला लावला. "ताई, आणखी एक बनवून द्याल? जादाची असू दे."

"देते की," ती म्हणाली आणि पुन्हा वायर मोजायला लागली.