कढवलेली चरबी

११ जानेवारी, रविवार. चरबी कढवायची होती.

थंडीत हे काम बरं पडतं. चरबी लवकर थिजते आणि वास फार पसरत नाही. सकाळीच आमचे हे बारामतीहून मटण घेऊन आले. खाटकाकडं रविवारी रांग असते, पण ओळखीच्या गिऱ्हाइकाला तो चरबीचा गोळा वेगळा बांधून देतो. पूर्वी लोक मागून न्यायचे, आता नको म्हणणारेच जास्त.

आमच्याकडं मटण घरात शिजत नाही. मागं पत्र्याची शेड आहे, तिथं तीन दगडांची चूल. मटणाची भांडी वेगळी, उलथनं वेगळं, घासणीसुद्धा वेगळी. चरबीचा डबा त्याच शेडमध्ये फळीवर असतो आणि तो उंबऱ्याच्या आत यायचा नाही. हा नियम माझ्या मोठ्या जाऊबाईंचा. मी लग्न होऊन पिंपळीला आले तेव्हा चरबी कढवायला मला त्यांनीच शिकवलं. बारीक चिरायची, बुडाला थोडं पाणी घालायचं, जाळ मंद ठेवायचा. पाणी आटलं की चरबी सुटते आणि तुकडे तांबूस होतात. मग फडक्यातून गाळून डब्यात ओतायची. थिजली की म्हशीच्या तुपासारखी पांढरी दिसते. फरक बोटावर कळतो: तुपाला रवा असतो, चरबीला नसतो. हेही त्यांनीच सांगितलेलं.

एक डबा चांगला महिनाभर पुरतो. हुलग्याच्या आमटीला फोडणी, वांग्याच्या कालवणाला एक चमचा, गरम बाजरीच्या भाकरीवर मीठ-तिखटाबरोबर जरा. उरलंसुरलं टाचांच्या भेगांना. टाकून द्यायचं असं त्यात काही नसतं.

जाऊबाई माझ्याहून बऱ्याच मोठ्या. दीर गेल्यापासून आमच्यातच आहेत. मुलगा पुण्यात नोकरीला. वर्षभरापासून त्यांचं विसरणं वाढलं होतं. आमटीत दोनदा मीठ पडायचं. दूध उतू जायचं आणि त्या शेजारीच उभ्या असायच्या. दिवाळीच्या आसपास एकदा त्यांनी गॅस सुरू केला आणि काडी ओढायची राहिली. मी वासावर धावत आले. त्यानंतर पुतण्याचा फोन आला की एकच विषय असायचा.

"काकी, आईला गॅसजवळ एकटं सोडू नका. जमत नसेल तर मी तिला इकडं आणतो."

जाऊबाईंनी हे ऐकलं होतं. एक दिवस कणीक मळता मळता मला म्हणाल्या, "तितं जाऊन मी काय करू गं? सहाव्या मजल्यावरनं गाड्या मोजू? हात चालत्यात तवर मला सैपाक करू दे. बसवलंस तर बसल्या जागी मरंन मी."

डोळ्यात पाणी वगैरे नव्हतं. कणीक चांगली घट्ट मळली होती. मी "बरं" म्हटलं. त्यांच्या हातात चूल ठेवायची की काढून घ्यायची, हे ठरवणं माझ्याकडं आलं होतं. घरात दुसरं कोणी ठरवणार नव्हतं.

रविवारी दुपारी त्या शेडमध्ये चुलीपुढं बसल्या तेव्हा काळजी करावं असं काही दिसलं नाही. जाळ कधी ओढायचा, तुकडे कधी हलवायचे, सगळं हातात होतं. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या कर्कश गाणी लावून चालल्या होत्या. आमचे हे कढईत डोकावले.

"वहिनी, तुकडं जरा ठिवा माझ्यासाठी."

"भाऊजी, डाक्टरनं काय सांगितलंय?"

"डाक्टर कुठं बघतोय हितं?"

"मी हाय की. दोन घ्या आन् व्हा बाजूला. आन् हिला सांगू नका."

"मी इथंच बसलेय," मी म्हटलं.

"व्हय, पर तुला कुठं सगळं ऐकू येतंय."

आम्ही तिघंही हसलो. मी चरबी गाळली, डब्यात भरली आणि फळीवर ठेवली. जाऊबाई अंघोळीला गेल्या. मटणाच्या चुलीपुढून उठल्यावर अंघोळ केल्याशिवाय त्या देवापुढं जात नाहीत, थंडी असो की ताप.

दिवेलागणीला मी गोठ्यात होते. धार काढून चरवी घेऊन आत आले आणि दारातच थांबले. घरात मटणाचा वास येत होता. शेडमधला नव्हता तो, आतला होता.

जाऊबाई देवघरापुढं हात जोडून उभ्या होत्या. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. निरांजन तडतडत होतं आणि त्यातून काळपट धूर निघत होता. देव्हाऱ्याच्या पायाशी, जिथं तुपाची बरणी असते तिथं, चरबीचा डबा होता. झाकण उघडं.

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. चरवी तिथंच टेकवून मी पळाले. मोठ्या शेगडीवर पळी ठेवलेली. थिजलेली चरबी पातळ करायला त्यांनी ती गॅसवर धरली असणार, थोडी वातीवर ओतली असणार आणि उरलेली तशीच परत ठेवली असणार. पळीतून दाट धूर निघत होता. गॅस बंद करायला मी हात घातला तेवढ्यात चरबीनं पेट घेतला. वर भिंतीला पळी-डाव टांगायची लाकडी फळी आहे, ज्वाळ तिथपर्यंत गेली. पेटलेल्या चरबीवर पाणी टाकायचं नसतं. मी बटण फिरवलं आणि परात उचलून पळीवर पालथी घातली. खाली धुमसत राहिलं, मग विझलं. माझ्या हातावरची लव जळाली होती, बाकी काही नाही.

वळून बघितलं तर जाऊबाई दारात.

"काय पडलं गं?"

"काय न्हाय पडलं. बाई, दिव्यात काय घातलंत?"

"तूप."

"कुठल्या डब्यातलं?"

"कुठल्या म्हंजी? देवाच्या."

मी त्यांना हाताला धरून देवघराकडं नेलं, डबा दाखवला. त्यांनी आधी माझ्याकडंच बघितलं.

"ह्यो हितं कुणी आणला? तूच आणला असशील. तुला कितींदा सांगितलंय, ह्यो घरात आणायचा न्हाय."

त्यांनी दोन बोटांनी डब्यातलं जरासं उचललं, चोळलं. पुन्हा चोळलं. रवा लागत नव्हता. नाकाजवळ नेलं आणि हात खाली घेतला. बराच वेळ त्या बोटं लुगड्याला पुसत राहिल्या. धुतलेल्या लुगड्याला.

"देवापुढं जळलं गं हे," त्या म्हणाल्या.

"देवाला काय होत न्हाय. मी निरांजन घासून ठिवते."

"पोराला सांगू नगंस."

मी शेडमधून राख आणली. निरांजन राखेनं घासलं, देव काढून धुतले, देव्हारा पुसला. नवी वात, तूप घालून दिवा लावला. त्यांना पुन्हा हात जोडायला बोलावलं, पण त्या आल्या नाहीत. पाठ भिंतीला लावून पडवीत बसून राहिल्या. जेवताना भाकरीची एक कोर खाल्ली. मटण केलं होतं त्यांनीच, पण वाटीला हात लावला नाही.

ह्यांना मी मागं शेडमध्ये नेऊन झालेलं सांगितलं. ते म्हणाले, "पुण्याला कळवूया. तोच ठरवील." मी म्हटलं, "तो काय ठरवणार ते ठाऊक आहे. तिथं त्यांना चूल नाही आणि माणूसही नाही. इथं निदान माणसं आहेत."

"मग काय करणार?"

"चूल काढून घेणार."

दुसरा उपाय त्यांनाही सुचत नव्हता, आणि मलाही.

सोमवारी त्या उठायच्या आत मी उठले. शेगडीची बटणं ओढून काढली. ती सहज निघतात, आजवर फक्त धुवायला काढली होती. सिलिंडर खालून बंद केला. काडेपेटी आणि लायटर वरच्या कप्प्यात ठेवले, जिथं त्यांचा हात पोचत नाही. मग शेडमध्ये जाऊन चुलीचे तिन्ही दगड उचलून कुंपणापाशी नेऊन टाकले.

परत आले तेव्हा जाऊबाई शेगडीपुढं उभ्या होत्या, हातात चहाचं भांडं. बटणांच्या जागी उघड्या राहिलेल्या दांड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"बटणं कुठं हायत?"

"माझ्याकडं."

त्यांनी भांडं ओट्यावर ठेवलं. काही वाद घातला नाही. वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या बाजूला सरकल्या आणि माझ्यासाठी जागा केली.

मी सिलिंडर उघडला, कमरेला खोचलेलं एक बटण लावलं, चहा टाकला. त्यांना कपात ओतून दिला, सगळ्यांच्या आधी. मग सिलिंडर बंद केला, बटण ओढून काढलं, पुसलं, पुन्हा कमरेला खोचलं आणि धार काढायला गेले.