लाडोबा बाहेर जात नाही

माझ्या काकीच्या पुढच्या खोलीतल्या खिडकीत एक काचेची बरणी असायची. बरणीत रॉकेल आणि रॉकेलात गोचिड्या. काही रक्त पिऊन टम्म फुगलेल्या, राखाडी. काही बारक्या, तपकिरी. सगळ्या तळाशी पाय वर करून साचलेल्या. घरात येणाऱ्याची पहिली गाठ काकीशी नव्हे, त्या बरणीशी पडायची आणि काकीला तेच हवं असायचं. "आमच्या कुत्र्याला गोचीड नाही हो," असं कुणी म्हटलं की ती त्याच कुत्र्याच्या कानामागे बोट घालायची, चिमटीत धरून एक ओढून काढायची आणि झाकण उघडून बरणीत टाकायची. "मग ही माझी असेल," म्हणायची.

त्याच बोटांवर पाण्याची नुसती धार सोडून ती मला चहा करून द्यायची. मी तो चहा गुपचूप कुंडीत ओतायचे. त्या कुंडीतलं झाड पुढे मेलं, त्याचं मला काही वाटलं नाही.

नोकरी तिच्या घराजवळ लागली म्हणून मी तिच्या वरच्या खोलीत राहायला आले होते. लोक प्रवासाला निघाले की आपली कुत्री-मांजरं काकीकडे सोडून जायचे. गल्लीत तिच्या घराला सगळे 'पाळणाघर' म्हणत. मला तिथलं काहीही सहन व्हायचं नाही. ओल्या केसांचा वास, कोपऱ्यातली ओकारी, गादीवर काळ्या मिऱ्यांच्या भुकटीसारखी सांडलेली पिसवांची घाण. एका पांढऱ्याशुभ्र मांजरीच्या शेपटीखाली मला भाताची शितं चिकटलेली दिसली. मी ती कागदाने पुसायला गेले, तर एक शीत वळवळलं. ते जंताचे तुकडे होते. मी किंचाळले आणि काकी पोट धरून हसली.

"अगं नाजूकबाई, औषध पाजलं की आठवड्यात साफ! तू काय भात खायची सोडणार आहेस?"

मी खरंच सोडला होता.

पण एका बाबतीत काकीला नाव ठेवायला जागा नव्हती. लस टोचल्याशिवाय ती कुणालाही उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. मांजर असो की कुत्रा, जंताचं औषध कधी दिलं, अंगावर गोचिडीच्या औषधाचे थेंब कधी टाकले, रेबीजची सुई कधी झाली, हे दारातच उभं करून विचारायची. कोपऱ्यावरचे जनावरांचे डॉक्टर म्हणूनच आपली गिऱ्हाइकं तिच्याकडे पाठवायचे. "ताईंकडे निर्धास्त ठेवा," म्हणायचे. हे वाक्य काकी मला भाजी निवडताना, केर काढताना, कशातही घुसवून ऐकवायची. तिला आयुष्यात कुणी फारसं शाबासकी देणारं मिळालं नव्हतं. काका होते तेव्हाही ते बोलण्यापेक्षा खोकायचे जास्त.

घरात एकच प्राणी कायमचा होता. एका गिऱ्हाइकाच्या कुत्रीचं पिल्लू, दूध सुटल्या-सुटल्या आणलेलं, अजून वर्षाचंही झालं नव्हतं. त्याचं नाव लाडोबा. हा लाडोबा माणसासारखा बेडवर झोपायचा आणि झोपताना काकीची रबरी चप्पल तोंडात धरायचा. काकी बाहेरून आली की तो तिच्या पायातून चप्पल ओढून घ्यायचा, चाटायचा, चावायचा आणि मग तीच जीभ काकीच्या गालावरून फिरायची.

त्याला एकही सुई टोचलेली नव्हती. दुसऱ्याचा कुत्रा डॉक्टरांसमोर काखेत आवळून धरणारी ही बाई, लाडोबा नुसता कुईं करेल या विचाराने घाबरायची. मी विचारलं होतं तिला.

"त्याला कशाला? तो बाहेर जातो कुठं? उंबरा ओलांडत नाही माझं बाळ," ती म्हणाली. "थंडी सरली की बघू."

थंडी सरली, उन्हाळाही सरत आला.

एका सकाळी एक गृहस्थ दारात आले. इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा घमघमाट आणि काखेत कुत्र्याचं एक पिल्लू, डोळे अर्धवट मिटलेलं.

"टोचलंय का?" काकीने विचारलं.

"झालंय सगळं."

"सगळं म्हणजे काय काय?"

"सगळं म्हणजे... सगळंच. मिसेसनी केलंय."

"मग मिसेसना पाठवा."

गृहस्थ चिडले. विमान चुकेल म्हणाले, माणुसकी काढली, तुमच्यासारख्या छप्पन्न मिळतील म्हणाले. काकी दारात हात आडवा लावून उभी. तेवढ्यात पिल्लाने पायरीवर घाण केली. पातळ आणि लालसर. तो वास मी आयुष्यात विसरणार नाही. गोडसर, गंजका, नाकातून थेट पोटात उतरणारा. गृहस्थांनी पिल्लू अंगापासून लांब धरलं, आपले बूट तपासले आणि चालते झाले. घाण आमच्या पायरीवर राहिली.

मला त्या माणसाची शिसारी आली. आजारी पिल्लू, तोंडावर खोटं आणि वर बुटांची काळजी!

"बघितलंस? किती सहज बोलतात खोटं!" काकी म्हणाली. तिने बादलीभर पाणी ओतलं, खराट्याने पायरी घासली आणि ओल्या चपला वाजवत विजयी मुद्रेने आत आली. लाडोबा वाटच बघत होता. त्याने नेहमीसारखी चप्पल ओढली आणि बेडखाली नेली.

आम्ही दोघींनी ते पाहिलं. दोघींनाही काही वाटलं नाही. तो रोज तेच करायचा.

चार-पाच दिवसांनी लाडोबाने जेवण सोडलं. मग ओकला. ओकारीत पिवळं पाणी आणि त्यात शेवयांसारखे दोन जंत. मी तोंडावर ओढणी धरून ते उचललं. काकी त्याला चादरीत गुंडाळून डॉक्टरांकडे घेऊन गेली, मी मागोमाग.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "ताई, तुम्हाला विचारायची गरज नाही, तरी विचारतो. लसी झाल्यात ना? माझ्या हातून नाहीत, कंपाउंडरने टोचल्या असतील."

काकीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"झालंय सगळं," ती म्हणाली.

तेच शब्द, तसाच सैल आवाज. मला वाटलं, मधल्या काळात तिने गुपचूप उरकलं असेल. काकी आणि या बाबतीत खोटं? माझ्या डोक्यातच आलं नाही. डॉक्टर म्हणाले, मग जंतच असणार; औषध दिलं आणि घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरत होते आणि मधल्याच पायरीवर मला तो वास आला. गोडसर, गंजका. खोलीभर लाल पाणी होतं आणि त्यात काकी मांडी घालून बसली होती, लाडोबाचं डोकं मांडीवर. तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी भिंतीला धरून ओकले आणि मग दोघांना उठवलं.

डॉक्टरांनी तपासणी केली. पार्व्हो निघाला, कुत्र्यांची आतडी सडवणारा, घाणीच्या नुसत्या स्पर्शानेही पसरणारा रोग. त्यांनी सलाईन लावलं आणि काकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमची काही चूक नाही, ताई. लस देऊनही क्वचित होतं असं. पण मला आता काळजी वाटतेय. लाडोबाला झाला, म्हणजे लसच खराब निघाली असेल. तुमच्याकडच्या सगळ्यांना बोलवावं लागेल, आमच्याकडे टोचलेल्या बाकीच्यांनाही."

एक हात तिच्या खांद्यावर तसाच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने फोन उचलला. काकीचा चेहरा राखाडी झाला, बरणीतल्या गोचिडीसारखा.

"लस चांगली आहे," ती म्हणाली. "मी दिलीच नव्हती."

"काय?"

"याला दिली नव्हती. काल तुमच्यासमोर लाज वाटली."

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. रागाने नव्हे, तो हात तिथे कशाला आहे हेच त्यांना कळेना, असा. मग त्यांनी नळीतल्या थेंबांचा वेग वाढवला.

"काल सांगितलं असतंत, तर हे काल लावलं असतं," ते म्हणाले. "वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण काल लावलं असतं."

मी तिच्या शेजारी उभी होते आणि मला तिची किळस आली. स्पष्ट सांगते, आली. इतकी वर्षं मी जंत, पिसवा, रक्त यांना नाकं मुरडली, पण त्या घाणींना लाज नव्हती म्हणून त्या लपतही नव्हत्या. अत्तरवाल्या गृहस्थाला निदान विमान गाठायचं होतं. हिला नुसती शाबासकी सांभाळायची होती.

लाडोबा दुपारी गेला.

पाळणाघरातल्या बाकीच्या कुत्र्यांना काही झालं नाही. सगळ्यांची लस झालेली होती. काकीनेच दारात उभं करून, भांडून, झालेली आहे याची खात्री केली होती. आम्ही सगळ्यांना परत पाठवलं, बेड जाळला, जमीन ब्लीचने इतकी धुतली की डोळ्यांतलं पाणी थांबेना. काकीला ते बरंच पडलं. बेडखालून चप्पल निघाली. मी ती काठीने ढकलत कचऱ्याकडे नेत होते, तर काकीने ती खाली वाकून उचलली आणि ब्लीचच्या बादलीत बुडवली.

"पायरी मी धुतली," ती म्हणाली. "चप्पल नाही धुतली."

पाळणाघर पुन्हा सुरू व्हायला बरेच महिने गेले. डॉक्टर गिऱ्हाइकं पाठवतात, पण 'निर्धास्त' म्हणत नाहीत. काकीही ते वाक्य सांगत नाही. बरणी तिने स्वतःच टाकून दिली. आता खिडकीत तिच्या जागी चप्पल असते. टाचेपाशी चावे, ब्लीचने पांढरी पडलेली. मला ती बरणीपेक्षा घाण वाटते. तिच्याकडे पाठ करूनच मी चहा घेते, पण घेते.

परवा एक बाई टोपलीत मांजर घेऊन आल्या. काकीने लसीचं विचारलं, तशा त्या हसल्या.

"हिला कशाला हो? ही घराबाहेर पडतच नाही."

काकीने मान वळवून खिडकीतल्या चपलेकडे बघितलं.

"ही पडते," ती म्हणाली.