दोनची पॅसेंजर आणि कुसुमचं दूध

मंगळवारी दुपारी दोनची पॅसेंजर वेळेवर आली नाही… आणि माझी अडीच महिन्यांची कुसुम उपाशी राहिली. गाडीचा आणि तान्ह्या लेकराच्या दुधाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये संसार करून बघा, म्हणजे कळेल!

आमचे हे स्टेशनात क्लार्क आहेत. पंधरा दिवसांपूर्वी ड्यूटीवरून आले ते डोक्यात एक खूळ घेऊनच. मोठ्या साहेबाची मुलं म्हणे चार-चार तासांनीच दूध पितात आणि संध्याकाळी पाळण्यात ठेवली की चूं न करता झोपतात. मग आमचीच सारखी का पिते? तर मी तिला लाडावून ठेवलीय म्हणून… दोन महिन्यांच्या पोरीला!

घरात घड्याळ एकच, आणि ते ह्यांच्या खिशात. म्हणून ह्यांनी कागदावर मला गाड्याच लिहून दिल्या. सकाळची पहिली पॅसेंजर गेली की पाजायचं, मग दहाची, दोनची, सहाची आणि शेवटी रात्रीची मेल. मधे कितीही रडली तरी घ्यायचं नाही. सहाच्या दुधानंतर सरळ पाळण्यात टाकायची, मांडीवर थोपटणं बंद. कागद चुलीसमोरच्या भिंतीला खळ लावून चिकटवला सुद्धा.

मी ऐकलंच कसं, याचा मला आज संताप येतो. पण पहिलंच मूल… त्यात शेजारणी म्हणाल्या, सारखी पिते म्हणजे तुझं दूधच पातळ असेल. असं एकदा मनात बसलं की बाई कुणाचंही ऐकते.

पंधरा दिवस ती रडायची आणि मी कानांवर हात ठेवून चुलीपुढे बसायची. तिच्या हातातल्या काळ्या मनगट्या बारशाला घट्ट बसत होत्या, त्या आता कोपरापर्यंत सरकू लागल्या. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, सवय लागेपर्यंत असं व्हायचंच.

आणि मंगळवारी ती गाडी घाटात कुठेतरी अडकली. विजेची इंजिनं आली तेव्हा हेच छाती फुगवून सांगत होते, आता गाडी मिनिटभर चुकायची नाही म्हणून… मी आपली दारात उभी. आत कुसुम रडतेय, माझा पदर दुधाने भिजलाय… आणि मी शिट्टीची वाट बघतेय! लिहितानाही लाज वाटते.

मग ती एकदम गप्प झाली. शेजारीण म्हणाली, बघ, लागली की नाही सवय?

तेवढ्यात भुशीहून रोज संध्याकाळचं दूध घालणारी गंगूमावशी आली. चार वाजून गेले होते म्हणजे. एवढ्याशा पोरीचा आवाज कसा नाही म्हणून ती पाळण्यात डोकावली, आणि माझ्यावर अशी कडाडली…

"आवं वैनी, व्हट बगा की तिचे! गप न्हाई झाली ती, दमलीया. लेकरू काय आगगाडी हाय व्हय? माज्या म्हशीचं रेडकू धा येळा ढुशा देतं, तवा ती पान्हा सोडती. तिच्या गोठ्यात कुनी कागद लावलाय?"

मी कुसुमला छातीशी घेतलं, तर दमून तिला पिताच येईना. थेंब थेंब तिच्या ओठांवर पिळला, तेव्हा कुठे ती चोखायला लागली. मी हमसून हमसून रडत होते आणि मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

साडेपाचला हे आले. गाडीच्या घोळात दुपारचं जेवायला घरी येता आलं नव्हतं, चेहरा काळवंडला होता. उंबऱ्यातूनच म्हणाले, "आधी पान वाढ, जीव जातोय भुकेनं."

मी जागची हलले नाही. कुसुम अजून पीतच होती. म्हटलं, "तुमची दुपारची वेळ चुकली. आता रात्री आठला."

ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. भांडं आपटलं, मला वेड लागलंय म्हणाले, आणि शेवटी ओरडले, "अगं, भूक काय घड्याळ बघून लागते?"

मी कुसुमचा हात वर केला. मनगटी घरंगळत कोपरापाशी गेली. ह्यांनी ते बघितलं, पुढे होऊन भिंतीवरचा कागद नखांनी खरवडून काढला आणि चुलीत घातला. त्यानंतरच मी पान वाढलं. त्या संध्याकाळी हेच पोरीला मांडीवर घेऊन थोपटत बसले, पाय आखडले तरी उठले नाहीत.

तरी माझा राग गेलेला नाही, खरं सांगते. ह्यांचं एक जेवण चुकलं तर सगळी चाळ गोळा व्हायची वेळ आली… आणि ती पंधरा दिवस भुकेनं रडत होती, तर म्हणे सवय लागतेय!

गंगूमावशीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आता कुसुम तोंड हलवायला लागली की मी हातातलं काम टाकून बसते. बाहेर शिट्ट्या होतच असतात… कुठली गाडी गेली, ते मी बघतही नाही.