काळूराम दादूसच्या आठ पुड्या

काळूराम दादूस सातवी नापास. हे आधीच सांगून टाकतो, कारण सुनावणीच्या दिवशी साहेबांसमोर अडाणी तोच ठरला. अडाणीपणा त्याचा नव्हता.

आमचं गाव खारेपाटात, खाडीला लागून. मांडव्याला बोटीतून उतरून किहीमच्या बंगल्यांकडे पळणाऱ्या गाड्या इथं वळत नाहीत. खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा लांब बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात लाकडी दारांची उघाडी. पूर्वी बांध गावच राखायचं. घराघराला बांधाचा तुकडा वाटून दिलेला. उधाण आलं की ज्याने त्याने फावडं घेऊन आपल्या तुकड्यावर उभं राहायचं. पुढे बांध सरकारी झाला, फावडी माळ्यावर गेली. दादूस मात्र अवसेला न् पुनवेला जाऊन उभा राहायचाच. बायको, ठमावयनी, म्हणायची, "बांधाशीच लगीन लावायचा व्हता, मना कशाला आनलीस?"

२०१६च्या आखाडात बांधाला खांड गेली. म्हणजे बैलगाडी आरपार जाईल एवढं भगदाड पडलं. आम्ही अर्ज केला. पुढचं उधाण यायच्या आत बुजवतो, असं उत्तर आलं. त्याच अवसेला दादूसने मुलीचा, प्राप्तीचा, जुना मोबाईल खिशात घातला आणि बांधावरच्या सात जागी उभं राहून सात फोटो काढले. उघाडी, खांड, देवाचा दगड, शेजारच्या सदाचं शेत, स्वतःचं शेत, अशा सात जागा. पुढल्या उधाणाला पुन्हा त्याच सात जागा. पावसाळ्यातलं एक उधाण सोडलं नाही त्याने, आठ वर्षं. ताप असला तरी गेला. सासरा वारला त्या दिवशी संध्याकाळी गेला.

खांड कुणी बुजवली नाही. भात जळलं, जमीन खारावली, मग खाऱ्या पाण्यात वाढणारी तिवराची झाडं उगवली. तिवर एकदा वाढलं की ती जागा कांदळवन म्हणून कागदावर चढते, आणि कांदळवनाला कुणी हात लावायचा नाही, बांधालाही नाही. म्हणून आमचं सगळं म्हणणं एवढंच होतं की इथं भात होतं, खांड उघडी ठेवली, म्हणून तिवरं आली. ते दाखवायला गावात एकच पुरावा होता. दादूसचे फोटो, पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत.

त्याने ते लावलेही होते झकास. दर वर्षाचं एक मेमरी कार्ड. कार्डात प्रत्येक उधाणाचा फोल्डर, नाव तिथीचं. आखाड अवस, श्रावण पुनव, भादवा अवस. समुद्र इंग्रजी तारखेने चढत नाही, मग तारीख कशाला लिहायची? फोटोला नाव जागेचं. आणि कार्ड त्या त्या वर्षाच्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळून पुडी केलेली. साल पाहायचं तर पुडी पाहायची. आठ पुड्या, चुन्याच्या डबीत.

बांधाच्या दुरुस्तीची सुनावणी लागली, तेव्हा त्या डबीसकट तो माझ्याकडे आला. बांधासाठी गावाने चालवलेल्या आंदोलनाची कागदपत्रं मी सांभाळतो. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही, मीच शिकलो, आणि त्याचा मला माज होता. मी पुड्या सोडल्या, कागद बाजूला फेकले आणि एकेक कार्ड लॅपटॉपच्या एकाच फोल्डरात कट-पेस्ट करायला घेतलं. कॉपी नाही, कट. एकच गोष्ट दोन जागी राहिली की घोळ होतो, असं माझं मत.

"पुढारी, साल लिव ना रं वर," दादूस म्हणाला.

"दादूस, मला शिकवू नको. चहा पी."

दुसऱ्या कार्डाला लॅपटॉपने विचारलं, या नावाच्या फाइली आधीच आहेत, त्यांच्या जागी या ठेवू का? मी म्हटलं हो, सगळ्यांना हो. पुढच्या प्रत्येक कार्डाला विचारलं. प्रत्येक वेळी हो. मोकळी झालेली कार्डं मी गावातल्या बायकांना वाटून टाकली, यंदाचा पावसाळा तुम्ही टिपा म्हणून. जमा झालेलं पेनड्राइव्हवर घेतलं, स्वतःला ईमेल केलं. तीन जागी जपलं. काय जपलं ते उघडून पाहिलं नाही.

सुनावणीला साहेबांनी पेनड्राइव्ह लावला. आखाड अवस उघडलं. सात फोटो. सातांत तिवरं, डोक्याएवढी. श्रावण पुनव. तिवरं. भादवा अवस. तिवरं.

"हे सगळे एकाच वर्षाचे आहेत. बाकीचे?"

मी माउस हलवत राहिलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं, प्रत्येक वर्षाची आखाड अवस मी पुढच्या वर्षाच्या आखाड अवसेने पुसली होती.

"साहेब, व्हते," दादूस उठून म्हणाला. "भात व्हता. मीच काडलेत."

"काका, फोटो काढले की नीट ठेवायलाही शिकायचं असतं. यात तर तिवरंच दिसतायत. आधीपासूनच असतील."

त्या क्षणी मी उठून सांगायला हवं होतं की याने नीट ठेवले होते, घालवले मी. बोलण्यात मी कुणाला ऐकत नाही. तिथं बसून राहिलो.

पुसलेले फोटो परत मिळतील म्हणून अलिबागच्या एका दुकानात कार्डं नेली. त्यांच्यावर तोवर बायकांनी भजनं भरली होती, लग्नं भरली होती, थोडा पाऊसही. दुकानदाराने दोन दिवसांनी चार फोटो काढून दिले. वरची पट्टी आभाळाची, खाली सगळं करडं.

निकाल आला. कांदळवन. दुरुस्तीला परवानगी नाही.

दादूसने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कॅलेंडरची आठ पानं माझ्या टेबलाखाली सापडली, ती नेऊन दिली. त्याने ती घडीवर घडी करून डबीत ठेवली, रिकामीच, आणि झाकण लावलं.

पुढच्या आखाड अवसेला मी त्याच्या दारात गेलो. पाणी चढत होतं. तो ओटीवर बसून होता, मोबाईल वयनीच्या हातात.

"दादूस, उधाण आलंय. चल ना."

"कशाला?"

"फोटो काढायला."

"तिवरांचा फोटू हाय ना तुझ्याकडं," तो म्हणाला. "तीन जागी हाय."