चिकूच्या झाडावरची चावी

माझ्या मित्राच्या बायकोचा, मेधाचा फोन आला तेव्हा मी वसईच्या बाजारात मासळी घेत होतो. प्रमोद आता नाही, एवढंच ती म्हणाली आणि फोन कुणीतरी तिच्या हातातून घेतला. पिशवी तिथेच टाकून मी उमेळ्याला धावलो, पण धावून मिळवणार काय होतो? वाडीत पाणी सोडता सोडता त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं. चाळिशीही न गाठलेला माणूस... काळ हेच औषध, असं लोक सांगतात. असेल. मला अजून गुण आलेला नाही.

आमची मैत्री कॉलेजपासूनची. मी वसई रोडच्या फ्लॅटमध्ये राहणारा उपरा, तो उमेळ्यातला पिढीजात वाडीवाला. आजूबाजूच्या वाड्यांवर इमारती चढल्या, तरी यांचे चिकू शाबूत राहिले. प्रमोद मुंबईला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. ऑफिसातल्या वाया गेलेल्या सीड्या तो घरी आणायचा आणि काकी, म्हणजे त्याची आई, त्या दोऱ्याने चिकूच्या झाडांना टांगायच्या. वाऱ्यावर त्या चमकल्या की पोपट फिरकत नसत. ‘माझ्या शिक्षणाचा घरात एवढाच उपयोग,’ असं म्हणून तो हसायचा.

मग त्याचा लॅपटॉप प्रवासात चोरीला गेला. यंत्र गेल्याचं त्याला फारसं वाटलं नाही, पण त्यात सईचे, त्याच्या लेकीचे फोटो होते. कुणीतरी परका माणूस ते बघत बसला असेल, या विचाराने तो पार कासावीस झाला होता. नवा लॅपटॉप आल्याबरोबर त्याने संपूर्ण डिस्कला कुलूप घालायचं ठरवलं. पासवर्डाशिवाय आतलं अक्षरही कुणाला वाचता येणार नाही, असं कुलूप. हे काम तासन्‌तास चालतं आणि मध्येच वीज गेली तर घोटाळा, म्हणून लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून आम्ही रविवारी बसलो. काकी दारातून बघत होत्या.

“आपल्या घराला कदी कुलूप नाय लावला, आन या डब्याला लावतोस?” त्या म्हणाल्या.

पासवर्ड विसरलाच तर उघडायला एक लांबलचक आकडा मिळतो. तो प्रमोदने फाइल करून एका सीडीवर उतरवला, वर ठळक अक्षरांत ‘चावी’ लिहिलं आणि टेबलावर ठेवून मला म्हणाला, “मला काही झालं तर ही आहे, लक्षात ठेव.” मी त्याला वेड्यात काढलं.

रोज झोपताना तो सईला आपल्या घरच्या बोलीत गोष्टी सांगायचा आणि लॅपटॉपवर त्या रेकॉर्ड करून ठेवायचा. तो गेल्यावर मेधाला हवं होतं ते तेवढंच. सई लहान आहे, बाबांचा आवाज ती विसरत चालली होती. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. सुचले ते सगळे शब्द आम्ही घालून पाहिले. मी तिला धीर दिला, चावी आहे, टेबलावरच असेल. टेबल रिकामं होतं. कपाटं उपसली, गाद्या उलटल्या, काही सापडलं नाही.

गेल्या आठवड्यात वाडीत गेलो तेव्हा ती दिसली. चिकूच्या फांदीला, उन्हात. चकाकी पापुद्र्यांनी सुटलेली, अक्षरं मात्र तशीच. काकींना वाचता येत नाही.

“त्याच्या टेबलावर पडल्या होत्या,” काकी म्हणाल्या. “आता नवीन कोन आनून देनार? म्हनून सांभालून लावल्या.”

ती सीडी सोडवून मी घरी आणली, जपून पुसली, कॉम्प्युटरमध्ये घातली. ती नुसती घरघरत राहिली. दुकानात नेली, तिथेही तेच. मेधाला सांगितलं. ती म्हणाली, “भाऊजी, आईंना कळू देऊ नका. त्यांचा मुलगा गेलाय, वर हे नको.” काकी पेपर वाचत नाहीत, म्हणूनच हे पेपरात लिहायला धजावलो.

सीडी परत द्यायला गेलो. काकींनी ती पदराने पुसली, अक्षरांवरून बोट फिरवलं.

“काय लिवलाय त्यानं?”

“तुमचं नाव, काकी.”

त्यांनी ती पुन्हा त्याच फांदीला बांधली, लिहिलेली बाजू घराकडे करून. वाऱ्याने ती फिरते. काकी दिवसातून कितीदा तरी उठून जातात आणि ती सरळ करून येतात.