गणपती मावला, दाराची तपासणी मावली नाही

मंडळी, आज दुपारी बेलूरच्या आमच्या कारखान्यात मशीनवर काम करणाऱ्या बसूअण्णाची दोन बोटं पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली. आत्ताच दवाखान्यातून आलो.

प्रेस चालवणारा बोर्ड आम्हीच बनवतो. वीज आली की तो चिपमधला प्रोग्राम वाचून सुरू होतो. चिपमध्ये जागा मोजकीच. प्रोग्राम जरा जरी मोठा झाला तरी बोर्ड सुरूच होत नाही. परवा आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीच्या यंत्रपूजेला, मालकांना प्रेस सुरू होतानाच तिच्या पडद्यावर गणपतीचं चित्र हवं होतं. लंबोदरच तो, त्याने जागा खाल्ली आणि बाकीचं मावेना.

"चित्र लहान करू का साहेब?" इंजिनियर गुरुराजने विचारलं.

"देवाला लहान करतोस? दुसरं काहीतरी काढ की."

गुरुराजने प्रोग्राममधला, प्रेसचं दार उघडलंय का ते तपासून प्रेस थांबवणारा भाग काढला. चालू प्रेसचं दार कोण उघडतंय, असं त्याला वाटलं. हे त्याने आज दवाखान्याच्या पायरीवर रडत सांगितलं.

आज पत्रा अडकला. अण्णाने नेहमीसारखं दार उघडून हात घातला. आता प्रेस थांबणार नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दवाखान्यात मालक बसूअण्णाच्या बायकोला म्हणाले, "अक्का, गणपतीनंच वाचवलं बघा. नाहीतर अख्खा हात गेला असता." तिने हात जोडले. 

मंडळी, जागा कमी पडली की काय काढायचं, हे तुमच्याकडे कोण ठरवतं? ज्याचा हात आत जातो, त्याला कुणी विचारतं का?