डिचोलीचे ढोल, पेडण्याचा ताल

कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉलवर वाढलेल्या माणसाला गोव्यात समुद्र दाखवू नये, मैदान दाखवावं. दाजींनी यंदा तेच केलं. दाजी म्हणजे ताईचे यजमान, डिचोलीचे. तिथल्या संघामागे ढोल वाजवतात. फायनल पेडण्याशी, तीही पेडण्याच्याच मैदानावर. पण मी निघायच्या आधीच त्या मैदानावरचा तात्पुरता लोखंडी स्टँड सेमीफायनलला कोसळला आणि पेडण्याचा ढोलवाला श्याम गेला. मी फोनवर म्हटलं, आता कसली फायनल? दाजी म्हणाले, "यो तूं."

चंदगडमार्गे तिलारी घाट उतरलो. उतार अंगावर येतो, दुचाकी नेणार असाल तर ब्रेक आधी बघून घ्या. दोडामार्गला चहा घेतला की डिचोली हाकेच्या अंतरावर.

ताईकडे जेवताना सगळं कळलं. पेडण्याचे सगळे ढोलवाले श्यामच्याच वाड्यावरचे, म्हणजे वस्तीतले, एकाच भावकीचे; त्यामुळे सगळ्यांना सुतक. श्यामचा भाऊ दत्ता त्यांचा गोलकीपर. त्याने हट्टाने खेळायचं ठरवलं होतं, पण सुतकात ढोल वाजत नाही. भावाच्या ढोलाशिवाय तो कधी खेळलाच नव्हता.

"मग तुम्हीही वाजवू नका," मी शहाणपणा केला.

दाजी भात कालवत म्हणाले, "तांकां सुतक. आमकां खंय सुतक? आमी तांचे खातीर वाजयतले."

सकाळी समर्थकांची बस अस्नोड्यावरून म्हापशाला आली. शुक्रवारी जाऊ नका, बाजारात अडकाल. बसस्थानकाजवळ उंडे, म्हणजे गोव्याचे गोल पाव, आणि पातळभाजी खा, स्वस्तात पोट भरतं. कोलवाळचा पूल ओलांडला की पेडणे तालुका सुरू होतो, आणि बसमधली थट्टामस्करी तिथेच थांबली.

मैदानावर पडलेल्या स्टँडच्या जागेभोवती दोरी बांधली होती. दाजींचे ढोल बघून वाड्यातले एक म्हातारे आडवे आले. "आमचो ताल तुमकां येता?"

"वर्सांवर्स तो आमच्या ढोलांनी बुडोवपाक आयकतां," दाजी म्हणाले. "येना कसो?"

म्हातारे बाजूला झाले. पहिली थाप पडली तसा गोलपोस्टमधला दत्ता वळला आणि ढोलांकडे बघत राहिला. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

डिचोलीकर पूर्ण सामना पेडण्याचा ताल वाजवत होते. अखेरीस गोल मात्र डिचोलीने मारला. दाजींचे हात थबकले. दत्ताने जाळीतला चेंडू उचलला, आमच्याकडे आला.

"वाजयात रे," तो म्हणाला. "गोल तुमचो न्हय?"

मग दाजींनी आपला ताल वाजवला, हळू.

परतीला आंबोलीवरून आलो. रस्ता बरा, वेळ जास्त. रविवारी आमच्या पेठेचा सामना आहे, पलीकडच्या तालमीच्या संघाशी. त्यांच्या ढोलाचा ताल लहानपणापासून शिव्या देत ऐकलाय. काल मोटरसायकल धुताना टाकीवर बोटांनी वाजवून पाहिला. सगळा आला.